गळकी गाडी सांभाळण्याची कला

मारुती ८०० पंधरा वर्षांच्या पुढं गेली की अंगणात काळा ठिपका पडू लागतो. घाबरू नका, खाली पुठ्ठा टाका. घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, उताराच्या गल्लीत असेल तर तेवढाही खटाटोप नको. तेल आपल्या पायानं खालच्या घरच्या रांगोळीपर्यंत जातं आणि तिथून पुढं ती शेजाऱ्यांची अडचण.

तरीही कोणी ऑइल सील (फिरत्या शाफ्टभोवती तेल अडवणारी रबरी कडी) बदला म्हणालंच, तर आधी मजुरी विचारा आणि उठून या. सील किरकोळ किमतीचं, पण क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, मागच्या सीलपाशी पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मग क्लच आणि फ्लायव्हीलही काढायचं. एवढ्याशा रबरासाठी एवढा तमाशा? त्यापेक्षा तेल क्लच प्लेटवर झिरपू द्या. यवतेश्वरच्या घाटात इंजिन बोंबलेल, गाडी मात्र हलणार नाही आणि कासला निघालेल्या पाहुण्यांना दरी निवांत बघता येईल. प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरेलच. तेव्हासुद्धा सीलला हात लावू देऊ नका.

पुढची सीलं टायमिंग बेल्टच्या कव्हरआड असतात. बेल्ट बदलताना मेस्त्री म्हणतो, "आता उघडलंयच, तर सीलं बी टाकून घिऊ." हा त्याचा लोभ समजावा. तेल पिऊन नवा बेल्ट मऊ पडतो, फुगतो आणि कधीतरी आडरानात तुटतो, पण सीलचे पैसे वाचले ना!

स्वतः हात काळे करायचे असतील तर जुनं सील स्क्रूड्रायव्हरनं असं उचका की शाफ्टवर ओरखडा उमटला पाहिजे. नवं सील कोरडंच, एका अंगानं ठोका. लिपला, म्हणजे सीलच्या आतल्या ओठाला, तेलाचं बोट लावणं वगैरे नाजूक लोकांची कामं. आतली बारीक स्प्रिंग निसटून पडली तर ती जास्तीची समजा. स्प्रिंगची बाजू तेलाकडं ठेवतात म्हणे. तुम्ही बाहेर ठेवा, निदान दिसेल तरी.

आणि ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली कोंडलेली हवा बाहेर सोडणारी, नळी कधीही साफ करू नका. (माझ्या मते सगळ्यात भारी युक्ती हीच.) ती चोंदली की क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या पोटात) दाब साठतो आणि कालच बसवलेल्या सीलमधूनही तेल बाहेर येतं. त्याच हवेच्या वाटेवरची झडप, म्हणजे पीसीव्ही व्हॉल्व्ह, काढून हलवला तर खुळखुळतो का, म्हणजे मोकळा आहे का, हे बघायचं कोणाच्या डोक्यातच येत नाही. मेस्त्रीला शिव्या घालायला आपण मोकळे.

पुढंमागं गाडी विकायची झालीच, तर इंजिन धुऊन घ्या आणि पुठ्ठा माळ्यावर टाका. गिऱ्हाईक गाडीखाली वाकू लागलं की चहा सांगा. मग डिपस्टिक स्वतःच्या हातानं काढून दाखवा. तेल कायम पिवळंधमक, नवंकोरं दिसेल. जुनं व्हायला ते आत राहतंय कुठं!