तिसरं कोटेशन

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एआयवरून जुंपली आहे. भाचा महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करतोय. त्याच्या बाबांनी बातमी टाकली: लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या शास्त्रज्ञांना जे कोडं सोडवायला दहा वर्षं लागली, ते गुगलच्या एआय यंत्राने 48 तासांत सोडवलं. खाली प्रश्न, 'मग आपल्या पोराने पाच वर्षं करायचं काय?' मी इंग्लंडात जंतूंवरच काम करते, त्यामुळे सगळ्यांचे डोळे माझ्याकडे.

बातमी खरी, पण अर्धी. ती फेब्रुवारी 2025 मधली. इम्पिरियलच्या होसे पेनादेस यांच्या गटाला पडलेला प्रश्न असा, की डीएनएचे काही भटके तुकडे इतक्या वेगवेगळ्या जातींच्या जीवाणूंत पोचतात कसे? उत्तर: जीवाणूंना ग्रासणाऱ्या निरनिराळ्या विषाणूंच्या शेपट्या ते उसन्या घेतात. शेपटी बदलली की नव्या घरात शिरकाव. गुगलच्या यंत्राने नेमकं हेच गृहीतक पहिल्या क्रमांकावर दिलं. हे आधी हाती असतं तर आमची काही वर्षं वाचली असती, असं खुद्द पेनादेसच म्हणाले. मान्य. पण त्यांच्याच गटाच्या 2023 च्या एका निबंधात या उत्तराचा धागा छापलेला होता आणि तो यंत्राला मिळालेला होता. शिवाय यंत्राने आणखीही गृहीतकं दिली होती. त्यातलं पहिलं खरं, हे ओळखता आलं ते प्रयोग करून झाले होते म्हणून.

विखुरलेल्या वाचनातून गृहीतक काढणं तसं नवंही नाही. शिकागो विद्यापीठाचे डॉन स्वॉन्सन यांनी 1986 मध्ये निबंधांचे दोन गठ्ठे शेजारी ठेवले. एकात लिहिलेलं, की माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो. दुसऱ्यात, की रेनॉच्या विकारात, म्हणजे थंडीत बोटं पांढरी पडतात त्यात, रक्त दाट असतं. दोन्ही गठ्ठे एकमेकांचं नावही घेत नव्हते. स्वॉन्सन यांनी गाठ मारली. पुढे रुग्णांवर चाचणी झाली तेव्हा कुठे त्या गाठीला अर्थ आला.

घरच्या वादात हा करून बघण्याचा भाग कुणी बोलतच नाही. सगळं भांडण 'यंत्र विचार करेल का' यावर. इथे माझ्या लॅबमध्ये यंत्र सोमवारी काही सुचवतं, मी दुपारी प्रायमर, म्हणजे प्रयोगाला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे, मागवते, बुधवारी पाकीट टेबलावर. (माझं कंत्राट दीड वर्षात संपतंय, ते सोडा. इथेही सगळं गोड नाही.) भाच्याकडे? तीन कोटेशन, गाईडची सही, खरेदी विभाग, आणि एन्झाइम येतं तेव्हा खोक्यातला, ते थंड ठेवणारा कोरडा बर्फ उडून गेलेला. भारताने 2020-21 मध्ये संशोधनावर जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च केला. 2025 पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे सरकारी संस्थांना सुमारे 13,000 संशोधन नियतकालिकं वाचता येतात, ही मोठी गोष्ट. म्हणजे वाचायची सोय झाली. करून बघायची अजून व्हायचीय.

उलट मला भीती वेगळीच आहे. गृहीतकं फुकट झाली की आपल्याकडे सिनॉप्सिसचा, म्हणजे पीएचडीच्या आराखड्यांचा, पूर येईल. छान भाषा, नवे विषय आणि मागे जंतू वाढवून बघितलेली एकही प्लेट नाही.

भाच्याने परवा यंत्राकडून काढलेली वीस गृहीतकं पाठवली. उसाच्या मुळांभोवतालचे, मातीतला फॉस्फेट विरघळवणारे जीवाणू, हा त्याचा विषय. मी विचारलं, 'यातली तुझ्या लॅबमध्ये करून बघता येतील अशी किती?' दोन दिवसांनी उत्तर आलं, 'मावशी, दोन.' पहिल्याला पिकोव्हस्कायाचं माध्यम, म्हणजे असे जीवाणू वाढवायचं फॉस्फेटवालं खाद्य, आणि इन्क्युबेटर पुरे. प्लेटवर वसाहतीभोवती पारदर्शक कडं आलं की जीवाणू कामाचा. शनिवारी रात्रभर वीज गेली नाही तर रविवारी फोटो पाठवतो म्हणालाय.

दुसऱ्याचं तिसरं कोटेशन अजून यायचंय.