बोटांना सुटी नाही

ध्यानाला बसल्यावर मनाचं काय करायचं, हे सांगणारे पैशाला पासरी आहेत. विचार येऊ द्या, जाऊ द्या, लांबून बघा. ठीक आहे. मन कोणाला दिसत नाही, त्यामुळे त्यात काय चाललंय याचा हिशेबही कोणी मागत नाही. पण हात दिसतात. मांडी घालून, डोळे मिटून, हात रिकामे ठेवून बसलेली बाई आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी पाहिलेली नाही. माझी आई टीव्ही बघतानासुद्धा लसूण सोलायची.

म्हणून मुद्रा. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी ध्यानवर्ग भरतो. तो घेणाऱ्या ताई वयाने माझ्या मुलीएवढ्या आहेत आणि मला काकू म्हणतात. त्यांनी आल्या आल्या बोटांचं खातेवाटप सांगितलं. अंगठा म्हणजे अग्नी, तर्जनी वायू, मधलं बोट आकाश, अनामिका पृथ्वी आणि करंगळी जल. अंगठ्याला जे बोट लावाल ते तत्त्व कामाला लागतं. “हातांना काहीतरी दिलं ना काकू, की मन आपोआप जागेवर येतं.” ऐकायला इतकं सोपं, की फी भरताना जरा जिवावरच आलं.

सुरुवात ज्ञानमुद्रेने. तर्जनीचं टोक अंगठ्याच्या टोकाला, बाकीची तीन बोटं सरळ, हात गुडघ्यावर. दाबायचं नाही, नुसता स्पर्श. मी डोळे मिटले. दोन बोटं टेकली आणि लगेच आपली आपण एकमेकांवर चोळली जाऊ लागली. लग्न झाल्यापासून ही जोडी जमते ती मीठ टाकायला. चिमूट जुळली तसं मनात आलं, आमटीत मीठ टाकलं का? टाकलं. दोनदा तर नाही ना टाकलं? हॉलमध्ये ॐकार घुमत होता आणि मी मनातल्या मनात पातेल्यात बटाटा सोडत होते.

“काकू, भुवया सोडा,” ताई म्हणाल्या.

मला वाटतं या शास्त्रात एक गृहीत धरलेलं आहे, की बोटं मोकळी आहेत. माझी नाहीत. कोणतीही दोन बोटं जुळवा, त्यांचं आधीचं काम निघतं. अंगठा आणि अनामिका जुळवली की पृथ्वीमुद्रा होते, स्थैर्य येतं. मला आठवलं की देवाचं गंध संपलंय. अंगठा, मधलं बोट आणि अनामिका एकत्र आणली की अपानमुद्रा. ही तर होमात आहुती टाकायची बोटं! त्यावरून आठवली पुतण्याची मुंज, मुंजीवरून आहेर आणि आहेरावरून धाकट्या जावेने मला दिलेला तो ब्लाऊजपीस. तो कोणाला देता येईल याचा विचार करता करता वर्ग संपला. करंगळीची वरुणमुद्रा तर मी करतच नाही. करंगळी जरा हलली की मला आजही बाईंना विचारून वर्गाबाहेर जावंसं वाटतं.

पृथ्वीमुद्रेची अडचण आणखी आहे. अनामिका एकटी येत नाही. एका शेजारणीला हळदीकुंकवाला बोलवावं आणि दुसरीने तिच्याबरोबर सहज म्हणून यावं, तशी करंगळी मागोमाग वाकते. अनामिका आणि करंगळी दोन्ही अंगठ्याला टेकल्या की ती प्राणमुद्रा. म्हणजे मी स्थैर्याचा अर्ज करते आणि मंजूर होतो उत्साह! यात माझा दोष नाही. बोटं वाकवणाऱ्या खोल स्नायूत अनामिका आणि करंगळीचा संसार एकत्र असतो, शिवाय हाताच्या पाठीवरच्या कंडराही, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्याही, एकमेकींना आडव्या बांधलेल्या असतात. खोटं वाटत असेल तर मधलं बोट आत मुडपून हात टेबलावर ठेवा, बाकीच्या बोटांची टोकं टेकवा आणि अनामिका उचलून दाखवा. आमच्या ह्यांनी हा प्रयोग मन लावून केला. बोट उचललं नाहीच, पण टेबल कधीपासून डुगडुगतंय हे त्यांना कळलं.

वायुमुद्रेबद्दल थोडक्यात सांगते. तर्जनी अंगठ्याच्या मुळाशी दुमडून वर अंगठा ठेवायचा. पोटातला वात मोकळा होतो, गुण लगेच येतो, असं ताई म्हणाल्या. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी, खिडक्या बंद असलेल्या हॉलमध्ये, तो आला. कोणाला आला ते वर्गाने आजतागायत कळू दिलेलं नाही.

सी विंगमधले काका मात्र या सगळ्याकडे तुच्छतेने बघत बसायचे. संध्येत गायत्रीजपाआधीच्या मुद्रा चोवीस असतात आणि त्या त्यांना मुंजीपासून येतात. एकदा ताईंनी “करून दाखवा ना काका” म्हटलं आणि संपलं. सुमुख, संपुट, वितत, विस्तृत असं करत काका उठून उभेच राहिले. मुष्टिकाला त्यांनी अशा काही मुठी वळल्या की पुढच्या रांगेतल्या दोघी मागे सरकल्या. पुढे मत्स्य, कूर्म, वराह. वराहाला नेमकं कोणतं बोट कुठे जातं यावर ते अडले, हात सोडवता येईनात, आणि मुद्गर-पल्लव राहून गेले. पल्लव सगळ्यात सोपी होती म्हणे.

काकांमुळे माझ्या मनात शंका शिरली. घरी हठयोगप्रदीपिका या जुन्या योगग्रंथाचं मराठी भाषांतर होतं, सासऱ्यांचं. त्यात पाहिलं तर तिसऱ्या प्रकरणात मुद्रा दहा, आणि त्यातली एकही नुसती बोटांची नाही! सगळा मामला श्वास कोंडण्याचा, पोट आत ओढण्याचा, उलटं होण्याचा. घेरंडसंहितेत तर पंचवीस मुद्रा आहेत. प्रदीपिकेतल्या खेचरीमुद्रेसाठी जिभेखालचा पडदा दर सात दिवसांनी केसभर कापायचा, वर सैंधव आणि हरडा चोळायचा आणि असं सहा महिने करायचं. का, तर जीभ भुवयांपर्यंत पोचावी. पुस्तक मिटलं. एक तर बोटांवर निभावतंय ते बरं आहे, आणि दुसरं म्हणजे जीभ लांब करण्याची साधना आमच्या घरात कोणाला नव्याने शिकवायची गरज नाही.

हे वाक्य मी मोठ्याने बोलले नसणार. तरी सासूबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “मीही येते तुझ्या त्या बोटांच्या क्लासला.”

त्या येईपर्यंत वर्ग ध्यानमुद्रेवर पोचला होता. ही मला खरोखर आवडते. मांडीत एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवायचा आणि अंगठ्यांची टोकं हलकेच टेकवायची. जपानी झेन मठांत असंच बसतात, फक्त तिथे डावा हात वर असतो. तेराव्या शतकात दोगेन नावाच्या आचार्यांनी ते लिहून ठेवलंय. तिथले गुरू म्हणे अंगठ्यांकडे बघतात. टोकं वर चढून डोंगर झाला तर शिष्य ताठलाय, खाली घसरून दरी झाली तर पेंगतोय. ही चहाडखोर व्यवस्था ताईंनी आमच्यावर लावली आणि निम्म्या वर्गाच्या दऱ्या उघडकीला आल्या. काकांच्या दरीतून घोरण्याचा आवाजही येत होता.

पण दोन्ही अंगठे असे गुंतले की फोन उघडत नाही. मांडीखाली तो थरथरत राहतो, कुटुंबाच्या ग्रुपवर कोणीतरी काहीतरी टाकलेलं असतं, आणि ते सरकवायला अंगठाच मोकळा नसतो. मला जी काही शांतता मिळाली ती या अटकेतून मिळाली. पंचमहाभूतांना त्याचं श्रेय द्यायला माझी हरकत नाही.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. ताई लाघवीपणाने म्हणाल्या, “आजी, तर्जनी अंगठ्याला लावा.”

“तर्जनी नाही चालत,” सासूबाई म्हणाल्या. “जपाला तर्जनी माळेला लावत नाहीत.”

“हा जप नाही आजी.”

“देवाचं नाव घेताय ना? मग?”

तडजोड मधल्या बोटावर झाली. अंगठा आणि मधलं बोट म्हणजे आकाशमुद्रा, तीही चालते. सासूबाईंनी आकाश धरलं, जरा वेळ हॉलच्या पंख्याकडे बघितलं आणि मग पिशवीतून कापूस काढला. श्रावण तोंडावर आला होता आणि लाख वातींचा त्यांचा संकल्प होता. त्या फुलवाती वळू लागल्या. कापसाची पाकळी, मध्ये बोट, वर टोकाला पीळ. पीळ द्यायला तर्जनी लागतेच. मी हळूच ते दाखवलं. “हे काम आहे,” त्या म्हणाल्या.

वाती वळताना सासूबाई अगदी समाधीत दिसतात. त्यावर विश्वास ठेवू नका. त्या वेळी कोणी भांडं घासताना किती साबण घेतला याची उजळणी चाललेली असते. पण ताईंना ते काय माहीत? त्या त्यांच्या अंगठ्यांकडे बघत राहिल्या. डोंगर नाही, दरी नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या आजींनी हात पुढे केला, “मला द्या थोडा.” मग मागच्या रांगेने मागितला. माझी बोटं तर आमंत्रणाचीच वाट बघत होती. काकाही आले. त्यांच्या वाती इतक्या जाड झाल्या की सासूबाईंनी त्या उसवून परत कापूस केला.

आता श्रावण संपेपर्यंत दर सोमवारी वर्गात वाती आहेत. ताईंनी ग्रुपवर तसं कळवलंय, हात जोडलेल्या इमोजीसह. कापूस प्रत्येकाने आपापला आणायचा आहे, आणि हॉल झाडून द्यायची पाळी, म्हणे, ए विंगपासून सुरू होईल. मी ए विंगमध्ये राहते.