माका पावडरबद्दलच्या एका ताऱ्याच्या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमच्या अभिप्रायातलं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण तेच सगळ्यात गंभीर आहे: "मला थायरॉइडची गोळी सुरू आहे, दुकानात कोणी साधं विचारलंही नाही." ही चूक पूर्णपणे आमची. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत ती पावडर कृपया घेऊ नका.

आता वासाचं. "मुळ्यासारखा उग्र वास येतो, भेसळ आहे" असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मी त्याच लॉटचं पाकीट फोडलं आणि अर्धा चमचा कोमट पाण्यात कालवून पाहिला. आधी भाजलेल्या पिठासारखा गोडसर वास, आणि मागून मोहरी फेसताना येतो तसा नाकात हलका झणका. तो माक्याचाच आहे. पेरू देशातली ही वनस्पती मोहरी-मुळ्याच्या कुळातली, आणि आपल्या अळिवाची तर फार जवळची नातलग. दोन्ही वेगळ्या वनस्पती, पण वंश (जीनस) एकच, लेपिडियम. अळिवाचं आपण बी खातो, याचा जमिनीत फुगलेला गड्डा खातात. झणका येतो तो ग्लुकोसिनोलेट नावाच्या गंधकयुक्त रसायनांमुळे. कच्च्या कोबीतही ती असतात. शरीरात आयोडीन कमी असेल तर थायरॉइडच्या कामात ती अडथळा आणू शकतात, म्हणून तर तुम्हाला विचारायला हवं होतं.

"केसांच्या तेलातला माकाच परदेशी म्हणून विकतात" हा समज बऱ्याच जणांचा होतो. ओढ्याकाठचा आपला माका म्हणजे भृंगराज, सूर्यफुलाच्या कुळातला. पाकिटातला माका अँडीज पर्वतात, पेरूतल्या हुनिनच्या पठारावर ४,००० मीटरच्या आसपास पिकतो. तिथे रात्री पाणी गोठतं, वारा झोडपून काढतो. पानं जमिनीला चिकटून चकतीसारखी पसरतात, आणि झाड आपला सगळा साठा खाली गड्ड्यात करतं. काढलेले गड्डे दिवसा कडक उन्हात नि रात्री थंडीत कित्येक आठवडे उघड्यावर वाळवतात. बर्नाबे कोबो या स्पॅनिश पाद्र्याने १६५३ मध्येच या पिकाबद्दल लिहून ठेवलंय. तिथल्या लोकांचं हे मुळात अन्न आहे: वाळका गड्डा भिजवायचा, उकडायचा, लापशी करायची. जिनसेंग या चीन-कोरियाकडच्या औषधी मुळाशी याचं काही नातं नाही. आमच्या लेबलवर "पेरूचं जिनसेंग" छापलंय ते चुकीचं आहे, नव्या लेबलवर नसेल.

"पंधरा दिवसांत फरक शून्य." ताई, पंधरा दिवसांत तरतरी येते असं आमच्या कोणी सांगितलं असेल तर तसं सांगायलाच नको होतं. २००२ साली पेरूतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात पुरुषांना रोज दीड किंवा तीन ग्रॅम माका १२ आठवडे दिला. कामेच्छेत वाढ दिसली ती आठव्या आठवड्यापासून, आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक होतं तेवढंच राहिलं. काळ्या माक्याने शुक्राणू वाढले, लाल माक्याने वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी लहान झाली, हे निष्कर्ष उंदरांवरच्या प्रयोगांतले आहेत. स्त्रियांच्या थकव्यावर हमखास गुण येतो असं म्हणण्याइतका पुरावा माझ्या वाचनात नाही, आणि नसताना मी तसं म्हणणार नाही.

पाकीट फोडलेलं असलं, अर्धं संपलेलं असलं तरी घेऊन या. बिल नसलं तरी चालेल, पूर्ण पैसे परत देतो. थायरॉइड, गरोदरपण आणि अंगावर पाजणाऱ्या आया यांच्यासाठीची सूचना आजपासून काउंटरवर मराठीत लावली आहे, आणि पावडर देण्याआधी विचारायचं असं दुकानातल्या मुलांनाही बजावलंय.