सोबत जोडले आहे, पण कुठे?

मे महिन्यात सोलापुरात पंखासुद्धा गरम हवाच फेकतो. अशा दिवसांत जुन्या संगणकाला जड ब्राउझर उघडायला लावणं मला बघवत नाही, म्हणून ईमेलसाठी मी ‘मट’ हा नुसत्या अक्षरांवर चालणारा प्रोग्रॅम वापरतो. काळा पडदा, पांढरी अक्षरं, जन्म १९९५. त्याचं ब्रीदच असं की सगळे मेल-प्रोग्रॅम भिकार आहेत, हा जरा कमी. नुसता मजकूर असेल तोवर मला ते पटतं.

अटॅचमेंट आली की मटचं सरकारी टेबल होतं. पीडीएफ? माझ्याकडे नाही. फोटो? पलीकडे विचारा. पलीकडे म्हणजे कुठे, हे होम फोल्डरमधल्या ‘.मेलकॅप’ या फाइलीत आपणच लिहून द्यायचं: आधी फाइलीचा प्रकार, मग अर्धविराम, मग ती उघडायची आज्ञा, आणि फाइलीच्या जागी ‘%एस’. या %एसभोवती अवतरणचिन्हं घालायची नाहीत, ती मट स्वतः घालतो. आज्ञेतच अर्धविराम हवा असेल तर त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ.

ओळी वरून खाली वाचल्या जातात आणि पहिली जुळेल ती चालते. एचटीएमएलसाठी, म्हणजे वेबपानासारख्या सजवलेल्या पत्रांसाठी, मात्र दोन ओळी लागतात. वर ब्राउझरची, खाली पानातला नुसता मजकूर काढून देणाऱ्या ‘डब्ल्यू-थ्री-एम -डंप’ची, आणि तिच्या शेवटी ‘कोपियसआउटपुट’ हा शब्द. मटच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो_व्ह्यू टेक्स्ट/एचटीएमएल’ लिहिलं की पत्र उघडताना मट तो शब्द असलेलीच ओळ शोधतो. ‘व्ही’ दाबून यादीत एंटर मारला तर वरची चालते. ‘कोपियसआउटपुट’ विसरलात की मटला ती ओळ सापडतच नाही.

खरा छळ पुढे आहे. पीडीएफसाठी ‘एक्सडीजी-ओपन’ ही, फाइल नेहमीच्या प्रोग्रॅमकडे सोपवणारी आज्ञा लिहिली, एंटर मारला, खिडकी उघडली आणि आत: फाइल सापडत नाही. कारण मट अटॅचमेंट एका तात्पुरत्या फाइलीत काढतो आणि आज्ञा संपली की ती पुसतो. एक्सडीजी-ओपन काम दुसऱ्याच्या गळ्यात मारून क्षणात घरी जातो. मटला वाटतं, पाहून झालं. पंगतीत वाढपी वळेपर्यंत पत्रावळ उचलावी, तसं. इलाज दोन. ‘झथुरा’ या पीडीएफ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमसारखा, खिडकी बंद होईपर्यंत न हलणारा प्रोग्रॅम लावा, मात्र तोवर मटही ताटकळतो. नाहीतर छोटी स्क्रिप्ट लिहून फाइलीची प्रत दुसऱ्या फोल्डरात ठेवा आणि ती प्रत उघडा. मी दुसरा धरला. त्या फोल्डरात आता सुताचे दरपत्रक आणि लग्नपत्रिका गुण्यागोविंदाने नांदतात. साफ कोण करणार, हे मेलकॅपमध्ये लिहिता येत नाही.

काही मंडळींचा संगणक सरळसाध्या पीडीएफवर ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ असा शिक्का मारतो, म्हणजे पोत्यावर नुसतं ‘माल’ लिहिल्यासारखं. त्यावर इलाज मटच्या सेटिंगमध्ये ‘माइम_लुकअप ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ ही ओळ. मग मट फाइलीच्या नावाचं शेपूट बघून प्रकार ठरवतो.

मराठी नावाची फाइल कधी कधी ‘=?यूटीएफ-८?बी?’ अशी सुरू होते आणि पुढे इंग्रजी अक्षरांचा चिवडा. ‘आरएफसी२०४७_पॅरामीटर्स’ या सेटिंगला ‘येस’ म्हटलं की नाव वाचता येतं. तोवर निरीक्षण करा: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, बेस-६४मध्ये, म्हणजे बाइट साध्या इंग्रजी अक्षरांत लिहायच्या पद्धतीत, त्याची चार अक्षरं होतात, आणि नावात नुसती देवनागरी असेल तर प्रत्येक चौकडी ‘४केएस’ नाहीतर ‘४केडब्ल्यू’ने उघडते. काही दिवसांनी ते वाचता येईल असं वाटू लागतं. तेव्हा उठून चहा घ्यावा.

पाठवताना ‘ए’ दाबून फाइल जोडायची, आणि तेच विसरायला होतं. त्यासाठी ‘अबॉर्ट_नोअटॅच’ हे सेटिंग ‘आस्क-येस’ करायचं आणि शोधायच्या शब्दांत ‘सोबत’ टाकायचा, कारण ‘अटॅच्ड’ आपल्याकडे लिहितं कोण? मजकुरात ‘सोबत’ दिसलं आणि काही जोडलेलं नसलं की मट थांबवतो.

जानेवारीत मी मित्राला लिहिलं, ‘गड्ड्याच्या जत्रेला सोबत जाऊ या का?’ मटने विचारलं, काही जोडलेलं नाही, पाठवणं रद्द करू?