चोराची वकिली नाही हो, पण तुमचा दुसरा मुद्दा टोचला

तुमची कमेंट दोनदा वाचली, पहिल्यांदा रागच आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की रॅडिकल क्रिमिनॉलॉजी (गुन्ह्याचं मूळ विषमतेत आणि भांडवलशाहीत शोधणारा विचार) म्हणजे चोराची वकिली, आणि विषमता वाढूनही 1990 नंतर पाश्चात्त्य देशांत गुन्हे कमीच झाले म्हणजे थिअरी निकालात निघाली.

पहिलं मान्य, पण ते भांडण जुनं आहे. 1973 ला टेलर, वॉल्टन आणि यंग या गुन्हेशास्त्राच्या अभ्यासकांनी हा विचार नव्याने मांडला, मग मागून आलेल्या बऱ्याच जणांना प्रत्येक चोरात बंडखोर दिसायला लागला आणि ज्याच्या घरी चोरी झाली तोही गरीबच होता हे कोणी बघेना. हे बोलून दाखवलं कोणी? त्याच जॉक यंगने, 1984 मध्ये जॉन लीसोबत. गरीब वस्तीतली गुन्ह्याची भीती हा पेपरवाल्यांनी उभा केलेला बागुलबुवा नाही, असं त्यांनी आपल्याच गोटाला सुनावलं.

दुसरा मुद्दा मात्र भारी आहे. घरफोड्या, गाडीचोऱ्या खरंच कमी झाल्या (गाड्यांना चांगली लॉकं आली हे त्यातलं एक साधं कारण), त्यामुळे गरिबी वाढली की गुन्हे वाढणार हे गणित सोडावंच लागेल. तसंही या विचाराचा जुना डच अभ्यासक बाँगर 1905 ला एवढं सरळ म्हणत नव्हता, त्याचं म्हणणं होतं की भांडवलशाही माणसाला स्वार्थी बनवते, खालच्याला आणि वरच्यालाही.

आणि मोजतोय काय आपण? इंग्लंड-वेल्सच्या गुन्हे सर्वेक्षणात फसवणूक आणि कॉम्प्युटरच्या गैरवापराचे प्रश्न 2015 च्या शेवटी घातले आणि पहिलाच वार्षिक अंदाज आला 58 लाख, बाकी सगळे गुन्हे मिळून 63 लाख असताना! म्हणजे इतकी वर्षं जो उतार दाखवला जात होता त्यात हे धरलेलंच नव्हतं. वरच्यांचं तर विचारूच नका, 2012 मध्ये एचएसबीसी बँकेने मेक्सिकोच्या ड्रग टोळ्यांचा पैसा खात्यांतून फिरू दिल्याबद्दल अमेरिकेत 190 कोटी डॉलर भरले, त्या प्रकरणात तुरुंगात कोणीही गेलं नाही, खिशातून पाकीट मारणारा मात्र आत जातो.

म्हणून मी म्हणतो की सुरुवात कायद्याच्या पुस्तकापासून नको, नुकसान कोणाचं झालं आणि ते करून कोण सुटलं इथून करूया. खून कमी झाले ते मात्र या हिशोबात बसत नाही, तेवढे तुमच्या बाजूला जमा धरा.