खुलासा : पोओपो सरोवर आटलं, उरू लोक संपलेले नाहीत

'बोलिव्हियातलं सरोवर आटलं आणि त्यासोबत उरू जमातही नामशेष झाली' असा मजकूर फिरतो आहे, सोबत तरंगत्या बेटांचा फोटो. फोटो चुकीचा आहे. ती लव्हाळ्याची बेटं तितिकाका सरोवराच्या पेरूतल्या भागातली, तिथले उरू वेगळे. ते सरोवर आटलेलं नाही.

आटलं ते पोओपो. ओरूरो भागात, सुमारे ३,७०० मीटर उंचीवर असलेलं हे उथळ सरोवर डिसेंबर २०१५ मध्ये कोरडं पडल्याचं जाहीर झालं. दुष्काळ आणि वाढतं तापमान तर होतंच. पण त्याला पाणी देणाऱ्या देसाग्वादेरो नदीतून शेतीसाठी होणारा उपसा आणि खाणींचा गाळ यांचाही हात होता. हे मजकुरात कुठेच नाही, आणि मला तेच जास्त खटकतं.

पोओपोकाठचे उरू आजही पुन्याका, विलान्येके आणि ल्यापाल्यापानी या गावांत राहतात. मासे धरणं, पाणपक्ष्यांची शिकार, अंडी गोळा करणं हा त्यांचा पिढीजात धंदा. तो गेला. शेतीकडे वळावं, तर आजूबाजूची जमीन बहुतेक आयमारा या दुसऱ्या स्थानिक जमातीच्या शेतकऱ्यांची. म्हणून कुणी दुसऱ्याच्या किन्वा या धान्याच्या शेतात मजुरीला जातं, कुणी खाणीत, तर कुणी घरदार सोडून दूर उयुनीच्या बाजूला मिठाच्या कामावर. बायका गवताच्या टोपल्या, टोप्या विणून विकतात. त्यांची मूळ बोली मात्र सरोवर आटण्याच्या कितीतरी आधीच मागे पडली होती.

हा मजकूर पुढे पाठवला असेल, तर कृपया ही दुरुस्तीही त्याच गटात टाका.