नोंदणी फसली म्हणून थेट केफ्री नको

लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासाठी, ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) लिहिणाऱ्यांना डिव्हाइसची नोंदणी करणारे डिव्हाइस_रजिस्टर आणि मेमरी थेट मोकळी करणारे केफ्री या फंक्शनांबद्दल एक सल्ला वारंवार दिला जातो: ‘डिव्हाइस_रजिस्टर अपयशी ठरले म्हणजे डिव्हाइस अस्तित्वातच आले नाही; म्हणून मेमरी केफ्रीने सोडावी आणि एरर परत करावी. तशी वेळ सहसा येतही नाही.’ या सल्ल्यातले एकही विधान टिकत नाही.

डिव्हाइस अस्तित्वात आले नाही, हेच मुळात खरे नाही. डिव्हाइस_रजिस्टर दोन कामे करते: आधी डिव्हाइस_इनिशियलाइझ (प्राथमिक तयारी), मग डिव्हाइस_ॲड (कर्नलच्या यादीत जोडणे). पहिले फंक्शन काहीच परत करत नाही, म्हणजे ते फसत नाही, आणि तिथेच रेफरन्स काउंट (डिव्हाइस किती जण धरून आहेत याची मोजणी) 1 होतो. एरर येते ती दुसऱ्याकडून, तोवर तो रेफरन्स आपल्या नावावर लागलेला असतो. डेव्ह_सेट_नेमने नावासाठी घेतलेली मेमरीही वेगळी असते आणि शेवटचा रेफरन्स सुटल्यावरच ती मोकळी होते, त्यामुळे थेट केफ्री केल्यास ती गळते, म्हणजे कधीच मोकळी होत नाही. याहून गंभीर म्हणजे, नोंदणी अर्धवट असताना कर्नलच्या दुसऱ्या भागाने रेफरन्स घेतला असेल, तर तो भाग सोडून दिलेली मेमरी वाचत राहतो.

म्हणून अपयशानंतर आपला रेफरन्स सोडणारे पुट_डिव्हाइस हाच मार्ग आहे, आणि कर्नलच्या कोडमध्ये डिव्हाइस_रजिस्टरच्या वरच्या टिपणीतही हे स्पष्ट बजावलेले आहे. मात्र पुट_डिव्हाइसमुळे रिलीज फंक्शन (शेवटचा रेफरन्स सुटल्यावर चालणारे) मेमरी सोडत असताना जुन्या गोटू लेबलखालची (एरर आल्यावर उडी मारायच्या जागेची) केफ्री तशीच ठेवली, तर तीच मेमरी दोनदा सोडली जाते. ही चूक दुरुस्तीच्या नावाखालीच शिरते, म्हणून ती विशेष तपासावी. डिव्हाइस_अनरजिस्टरही इथे चालत नाही, कारण त्यात डिव्हाइस_डेल (जोडलेले डिव्हाइस काढणे) असते आणि ते यशस्वी डिव्हाइस_ॲडनंतरच करायचे असते.

हा नियम सगळीकडे जसाच्या तसा लावू नये. नेटवर्क डिव्हाइसची नोंदणी करणारे रजिस्टर_नेटडेव्ह फसल्यास फ्री_नेटडेव्ह वापरायचे असते. प्लॅटफॉर्म_डिव्हाइस_अलॉकने घेतलेल्या डिव्हाइसची नोंदणी फसली, तर प्लॅटफॉर्म_डिव्हाइस_पुट.

राहिले ‘वेळ येत नाही’ हे म्हणणे. त्याच नावाचे डिव्हाइस आधीच असेल तर उणे ईएक्झिस्ट ही एरर मिळते, मेमरी अपुरी पडली तर उणे ईनोमेम. ज्यांना शंका आहे त्यांनी फेलस्लॅब या कर्नलच्या चाचणी-सोयीने मेमरीची मागणी मुद्दाम फसवावी, सोबत मेमरीची गळती शोधणारे केमेमलीक चालू ठेवावे, आणि न सुटलेल्या नावाची नोंद त्याच्या अहवालात शोधावी.